जुन्या टर्बो गाडीचा पिकअप गेलाय? टर्बो उतरवण्याआधी हे प्रश्न वाचा

पुण्यात सेकंडहँड टर्बो गाडी घेतलेल्यांची तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते: "गाडी ओढत नाही." गॅरेजमधून उत्तरही तितक्याच झटपट येतं: "टर्बो गेला." कधीकधी ते बरोबर निघतं. पण संशयितांच्या यादीत टर्बोचा नंबर शेवटी लागायला हवा. एक तर तो सगळ्यात महाग. शिवाय हवेचा पाइप, व्हॅक्यूमची नळी, सेन्सर नाहीतर फिल्टर, यांपैकी कुणी गडबड केली तरी आळ त्याच्यावरच येतो. खाली डिझेलबद्दल जास्त लिहिलंय, कारण दहा-बारा वर्षं जुनी टर्बो गाडी म्हणजे आपल्याकडे बहुतेक डिझेलच. पेट्रोलवाल्यांसाठी वेगळं उत्तर आहे.

गाडी खरंच कमजोर झालीय की मुळातच तशी आहे?

हे आधी ठरवा. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, आणि तो फिरतो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर. इंजिन हळू चालत असेल तर धूर कमी, म्हणून खालच्या आरपीएमला हवा दाबली जात नाही. १.३ लिटरचं मल्टिजेट घ्या. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत ते बसलं, आणि आपल्या रांजणगावातही बनत होतं. ७५ पीएसच्या स्विफ्टमध्ये १९० एनएमचा पूर्ण टॉर्क मिळतो तो २००० आरपीएमला. १५०० ला ती मरगळलेली वाटली तर ती तिची जन्मखोड आहे, बिघाड नाही. पेट्रोल गाडीवरून आलेल्या माणसाला हे पहिले काही दिवस खटकतंच.

चाचणी अशी घ्या. इंजिन पूर्ण गरम, एसी बंद, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, आरपीएम १५००. आता एक्सलरेटर पूर्ण दाबा आणि ३५०० पर्यंत जाऊ द्या. २००० च्या आसपास धक्का जाणवला पाहिजे आणि पुढे जोर सलग राहिला पाहिजे. जोर आलाच नाही, की आला आणि मध्येच तुटला, की सुरुवातीला ठीक पण ३००० नंतर संपला, हे नीट लक्षात ठेवा. तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि "पिकअप नाही" एवढं सांगून मेकॅनिकला त्यातलं काहीच कळत नाही.

जागा कुठली? नवले पुलाकडून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे जाताना चांगला लांब चढ आहे, पण तिथली रहदारी पाहता भल्या पहाटेच जा. येताना तोच उतार आहे आणि तिथल्या अपघातांबद्दल पुणेकरांना सांगायला नको. सासवडच्या बाजूला राहणाऱ्यांना दिवे घाट बरा, साताऱ्याकडे जाणं होत असेल तर खंबाटकी. रस्ता कुठलाही चालेल, फक्त दरवेळी तोच ठेवा. त्याच मॉडेलची दुसरी गाडी ओळखीत असेल तर त्याच चढावर ती एकदा चालवून बघा. माझ्या मते इतकी स्वस्त आणि इतकी उपयोगी तपासणी दुसरी नाही.

एक्सलरेटर दाबला की आरपीएम चढतो, पण गाडी पळत नाही. हाच टर्बोचा त्रास ना?

नाही, हा क्लच आहे. चौथ्या गिअरमध्ये ५० च्या वेगाने चढावर पूर्ण एक्सलरेटर दाबा. आरपीएमचा काटा उडी मारून वर गेला आणि स्पीड तिथेच राहिला, तर क्लच प्लेट घसरतेय. जोडीला जळका वास आला तर शंकाच नको. टर्बो डिझेलचा टॉर्क एकदम येतो, म्हणून थकलेला क्लच नेमका २००० आरपीएमला सुटतो आणि माणसाला वाटतं टर्बोच लागला नाही. लक्ष्मी रोडवर अर्ध्या क्लचवर रांगणाऱ्या गाडीचं हे ठरलेलं दुखणं.

लगे हाथ ब्रेकही बघा. थोडं फिरून आल्यावर चाकांजवळ हात न्या, रिमला लावू मात्र नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलेलं असेल तर तिथला ब्रेक धरून राहिलाय.

चेक लाइट लागलेली नाही. मग स्कॅनर लावून काय मिळणार?

बरंच मिळतं. बिघाडाचे काही कोड लाइट न लावता प्रलंबित म्हणून पडून असतात. सेकंडहँड गाडीत तर आणखी एक गोष्ट कळते. स्कॅनरवर 'मॉनिटर' किंवा 'रेडीनेस' नावाचं पान असतं. तिथले बरेचसे मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या घेतलेल्या तपासण्या, अपूर्ण दिसले तर नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढून बसवलीय. गाडी विकायला काढल्याच्या आठवड्यात हे घडलं असेल तर विकणाऱ्याला शांतपणे कारण विचारा.

खरी किंमत आहे लाइव्ह डेटाची. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचं ब्लूटूथ उपकरण आणि मोबाइलवरचं अॅप एवढ्यावर सुरुवात होते. इंजिन सुरू न करता चावी फक्त 'ऑन' करा आणि इनटेकचा दाब बघा, अॅपमध्ये तो 'मॅप' नावाने असतो. इंजिन बंद असताना हा सेन्सर बाहेरच्या हवेचाच दाब दाखवणार. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, म्हणून आपल्याकडे आकडा ९५ किलोपास्कलच्या आसपास यायला हवा. मुंबईत तीच गाडी १०१ दाखवेल आणि महाबळेश्वरला ८६ च्या जवळपास. पुण्यात उभी असताना मॅप ११० किंवा ८० दाखवत असेल तर पहिला संशय त्या सेन्सरवर घ्या. बहुतेकदा त्यावर काजळी आणि तेलाचा थर बसलेला असतो. चुकीच्या आकड्यावर कंट्रोल युनिट, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, चुकीचेच निर्णय घेणार.

मग चढावर पूर्ण जोर लावून तोच आकडा रेकॉर्ड करा. बाजूला बसलेल्याला मोबाइल द्या, चालवताना स्वतः बघू नका. छोट्या टर्बो डिझेलमध्ये तो २०० ते २५० च्या घरात जातो. त्यातून बाहेरच्या हवेचे ९५ वजा केले की उरतो तो टर्बोने दिलेला बूस्ट. एक मेख लक्षात ठेवा. साध्या अॅपमधला हा आकडा २५५ च्या वर जाऊच शकत नाही, कारण त्या जुन्या ठरलेल्या संकेतात तेवढीच जागा आहे. काटा २५५ ला चिकटून बसला म्हणजे गाडीत बिघाड आहे असं नव्हे. कंपनीचा किंवा चांगल्या गॅरेजचा स्कॅनर असेल तर मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष बूस्ट शेजारी शेजारी दिसतात. पुढचं सगळं निदान त्या दोन रेषांमधल्या अंतरावर चालतं.

गाडी बंद करून चालू केली की एकदम ठीक होते. हे काय गौडबंगाल आहे?

याला लिंप मोड म्हणतात. कंट्रोल युनिटला एखादा आकडा हद्दीबाहेर दिसला की ते इंजिन वाचवण्यासाठी ताकद कापून टाकतं. पुन्हा चावी फिरवली की नव्याने सुरुवात. गावात आठवडाभर काही होत नाही, पण एक्स्प्रेसवेवर खंडाळा घाटाचा लांब चढ जोरात चढला की गाडी बसते आणि बंद-चालू केली की पळते, असा नमुना असेल तर व्हीजीटी, म्हणजे फिरत्या पात्यांच्या टर्बोची पाती अडकताहेत असं समजायला जागा आहे. ही पाती धुराचा झोत अरुंद-रुंद करतात. सतत गावात हळू चालवलेल्या गाडीत त्यांच्यावर काजळी बसते, ती मिटलेल्या अवस्थेत अडकतात आणि बूस्ट मागितल्यापेक्षा वर जातो. तेव्हा कोड येतो पी०२३४. म्हणजे गाडी कमजोर वाटतेय ती बूस्ट जास्त झाल्यामुळे. हे लोकांना पटकन पटत नाही.

कोड पी०२९९ आलाय. मेकॅनिक म्हणतो टर्बो बदला.

पी०२९९ चा अर्थ एवढाच की मागितला तेवढा बूस्ट मिळाला नाही. कुणामुळे, हे कोड सांगत नाही. टर्बोने हवा दाबलीच नसेल, किंवा दाबली आणि ती वाटेत निसटली असेल. या दोहोंत खर्चाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हवा निसटतेय का ते आधी बघा. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (दाबून तापलेली हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनापर्यंत जाड रबरी होज असतात. त्यांच्या टोकाला क्लिपा. वर्षानुवर्षं तापून-निवून रबर कडक होतं, खालच्या बाजूला जिथे नजर जात नाही तिथे बारीक चीर पडते. गाडी उभी असताना ती चीर मिटलेली असते, बूस्ट आल्यावरच उघडते. इंजिनाच्या श्वासनळीतून थोडं तेल या पाइपांत येतच असतं, म्हणून जिथून हवा निसटते तिथे बाहेर काळपट, तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. टॉर्च घेऊन प्रत्येक होजचा खालचा भाग बघा, बोटाने चाचपा. बाकी होज कोरडा आणि एकाच वळणावर ओला डाग असेल तर चोर बहुधा तिथेच आहे. इंटरकूलर पुढच्या बंपरमागे असेल तर त्याच्या टोकांचे जोडही बघा. स्पीडब्रेकरवर खालून घासलेल्या गाड्यांत ते हमखास हललेले असतात.

चालवताना एक्सलरेटर दाबल्यावर फुस्स असा आवाज वाढत जातो का, तेही ऐका. उभ्या गाडीत नुसता रेस देऊन ही गळती सापडत नाही. भार नसताना टर्बो फारशी हवा दाबतच नाही, त्यामुळे "बघा, कुठेच लीक नाही" हे तेवढ्यावरून कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. खात्रीची पद्धत म्हणजे टर्बोच्या तोंडाला टोपण बसवून आत अर्धा ते एक बार हवा भरायची आणि साबणाचं पाणी मारत जायचं. बुडबुडे दिसतील तिथे गळती. धूर सोडून तपासायचं यंत्रही आता बऱ्याच गॅरेजांत असतं. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरने रेग्युलेटरशिवाय हा प्रयोग करू नका, दाब जास्त गेला तर शाबूत होजही फाटेल.

डेटावरूनही अंदाज येतो. एअर फ्लो सेन्सर टर्बोच्या आधी असतो, मॅप टर्बोच्या नंतर. आत जाणारी हवा भरपूर मोजली जातेय पण मॅप वर जात नाही, तर हवा मध्ये कुठेतरी गळतेय. दोन्ही आकडे कमी असतील तर हवा आत येतच नाही: एअर फिल्टर तुंबलाय, पाती उघडी राहिलीत, किंवा टर्बो खरंच थकलाय.

व्हॅक्यूमचा आणि टर्बोचा काय संबंध?

अनेक व्हीजीटी गाड्यांत टर्बोची पाती हलवणारी दांडी व्हॅक्यूमवर चालते. व्हॅक्यूम पंप, तिथून बारीक रबरी नळी, मध्ये एक विजेवर चालणारा व्हॉल्व्ह आणि शेवटी टर्बोवरचा डबा. बोनेट उघडून दुसऱ्याला इंजिन सुरू करायला सांगा आणि दांडीकडे बघा. सुरू होताच ती ओढली गेली पाहिजे, बंद केल्यावर परत आली पाहिजे. हललीच नाही तर नळी काढून टोकावर बोट ठेवा, ओढ जाणवते का बघा. ओढ आहे तर डब्याचा पडदा फाटलाय किंवा दांडी जाम आहे. ओढ नाही तर टर्बोकडे बघायचंच नाही, नळी धरून मागे पंपापर्यंत जायचं.

आणि या नळ्यांचा पुण्यातला क्रमांक एकचा शत्रू म्हणजे उंदीर. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये चार दिवस उभी राहिलेली गाडी त्यांना उबदार वाटते. नळी कुरतडलेली असते दोन-तीन मिलिमीटर, खर्च काही शे रुपयांचा, आणि गाडी मात्र पार झोपलेली. एअर फिल्टरचा डबाही उघडून बघा. आत कापूस, दाणे, प्लॅस्टिकचे तुकडे आणि लेंड्या असा संसार थाटलेला सापडतो. अशा फिल्टरवर गाडी चालवणं म्हणजे नाकात बोळे घालून सिंहगड चढणं.

७५ पीएसच्या मल्टिजेटसारख्या साध्या टर्बोत ही फिरती पाती नसतात. तिथे वेस्टगेट, म्हणजे जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, बूस्टच्या दाबावर उघडते, त्यामुळे इंजिन सुरू होताना दांडी हलत नाही. हलली नाही म्हणून घाबरू नका. नव्या गाड्यांत विजेवर चालणारा अॅक्च्युएटर असतो, त्याची तपासणी स्कॅनरनेच करावी लागते.

धुराच्या रंगावरून काही कळतं का?

डिझेलमध्ये काळा धूर म्हणजे इंधन आहे पण त्याला पुरेशी हवा नाही: होज फुटलाय, फिल्टर तुंबलाय, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकलाय किंवा इंजेक्टर जास्त डिझेल सोडताहेत. पिकअप गेलाय आणि काळा धूर अजिबात नाही, तर इंधनच कमी मिळत असण्याची शक्यता वाढते, किंवा गाडी लिंप मोडमध्ये आहे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. थंडीत सकाळी दोन मिनिटं पांढुरकी वाफ दिसली तर तिच्याकडे दुर्लक्ष करा. डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या गाडीत मात्र काळा धूर तिथेच अडतो, तेव्हा हा निकष तिथे लावू नका. आणि डीपीएफची गाडी काळा धूर ओकत असेल तर आतला फिल्टर फुटलाय किंवा आधीच्या मालकाने काढून टाकलाय.

डिझेलची बाजू कशी तपासायची?

डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला, हे माहीत नसेल तर आधी तो बदला. जुन्याच्या तळातलं पाणी एका काचेच्या बरणीत काढून बघा. मग लाइव्ह डेटामध्ये रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरना पोचणाऱ्या डिझेलचा दाब. आयडलला तो साधारण २५० ते ३५० बार असतो. पूर्ण जोरात हजाराच्या बराच वर जातो, गाडीनुसार १,६०० किंवा आणखी वर. काही अॅप हा आकडा किलोपास्कलमध्ये दाखवतात, तेव्हा ३०,००० दिसलं तर दचकू नका, ते ३०० बारच आहेत. मागितलेलं प्रेशर वर जातंय आणि प्रत्यक्ष मागे रेंगाळतंय, कोड पी००८७, तर फिल्टर, टाकीतला किंवा वरचा पंप आणि गळके इंजेक्टर या क्रमाने बघायचं. इंजेक्टरची परतीची नळी काढून प्रत्येकातून किती डिझेल परत येतं ते बाटल्यांत मोजतात. एक बाटली बाकीच्यांआधीच भरली तर दोषी सापडला.

या भागात घरगुती प्रयोग नकोत. इंजिन चालू असताना हाय प्रेशर पाइपचा नट सैल करायचा नाही. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते आणि वरून टाचणी टोचल्याएवढीच जखम दिसते. तसं झालंच तर लगेच हॉस्पिटल गाठा.

एअर फ्लो सेन्सर आणि ईजीआर साफ करून घेऊ का?

सेन्सर हो, पण त्याच कामाच्या स्प्रेने. कार्बोरेटरचा स्प्रे, ब्रश किंवा बोट लावलं तर तो गेलाच समजा. धुऊन परत वापरायचा, तेल लावलेला फिल्टर आधीच्या मालकाने हौसेने बसवला असेल तर ते तेल उडून या सेन्सरवर बसतं. ईजीआर उघडा अडकला की गाडी खालच्या आरपीएमला गुदमरते आणि वर गेल्यावर थोडी सुधारते. काढून साफ करता येतो. पत्रा लावून कायमचा बंद करण्याचा सल्ला मिळेल. तो घेऊ नका. प्रदूषण नियमांत ते बसत नाही, आणि गाडी एक नवा कोड घेऊन पुन्हा दारात उभी राहते.

माझी गाडी बीएस-६ डिझेल आहे. पिकअप हळूहळू कमी झाला, आता डीपीएफची लाइट आलीय.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ आला. तो भरला की गाडी जास्तीचं डिझेल वापरून त्याला ६०० अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळते. यासाठी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने चालणं लागतं. बाणेर ते हिंजवडी रोज रांगत जाणाऱ्या गाडीला ते मिळतच नाही. प्रक्रिया अर्ध्यात तुटते, पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते. न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिक काढून बघा. ऑइल खुणेच्या वर चढलं असेल तर ते चांगलं लक्षण नाही, ऑइल पातळ झालंय आणि त्याच ऑइलवर टर्बोचा शाफ्ट फिरतोय.

फक्त डीपीएफची लाइट असेल तर किवळ्याहून एक्स्प्रेसवेला लागा आणि लोणावळ्यापर्यंत एका लयीत, आरपीएम दोन हजारांच्या वर ठेवून जाऊन या. बऱ्याचदा काम होतं. जोडीला चेक लाइटही लागली असेल किंवा ताकद कापली गेली असेल तर ही सहल करू नका. वर्कशॉपमध्ये स्कॅनरने ती प्रक्रिया करवून घ्या, आणि ऑइल पातळ झालं असेल तर तेही बदला. ऑइल कमी राख सोडणारंच हवं, मॅन्युअलमध्ये ग्रेड दिलेला असतो. काजळी जळते, राख जळत नाही.

पेट्रोल टर्बोमध्ये काय वेगळं बघायचं?

सुरुवात स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइलपासून. बूस्टमध्ये सिलिंडरमधली हवा दाट असते, तिथे ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून अर्धवट मेलेली कॉइल आयडलला गप्प असते आणि जोर लावला की गाडी अडखळते. चेक लाइट लुकलुकत असेल तर जोर लावणं तिथल्या तिथे थांबवा, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला आतून जाळतं. टीएसआय, टी-जीडीआय अशा थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साचते, कारण तिथे पेट्रोलने धुणं होत नाही. त्यानंतर वेस्टगेट, डायव्हर्टर व्हॉल्व्ह (एक्सलरेटर सोडल्यावर जादा दाब सोडणारी झडप) आणि होज.

ई-२० बद्दल, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल, सगळेच विचारतात. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी, त्यामुळे मायलेज थोडं पडतं. पण कंट्रोल युनिट तेवढं इंधन वाढवून घेतं. काल धावणारी गाडी आज चढावर बसली तर त्याचं खापर पंपावर फोडू नका.

मग टर्बो खरंच गेलाय हे कधी मानायचं?

गळती नाही, व्हॅक्यूम ठीक, फिल्टर स्वच्छ, सेन्सर बरोबर, रेल प्रेशर बरोबर, आणि तरीही बूस्ट मागे. तेव्हा टर्बोच्या हवेच्या बाजूचा पाइप काढा. चाकाची पाती तुटलेली, वाकलेली किंवा भिंतीला घासलेली दिसली तर विषय संपला. शाफ्ट दोन बोटांत धरून हलवा. आडवी किंचित हालचाल असतेच, कारण हा शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगतो. पुढे-मागे हालचाल मात्र हाताला जाणवता कामा नये. पाइपात तेलाचा पातळ थर दिसला म्हणून "टर्बो ऑइल फेकतोय" हा निकाल लगेच मान्य करू नका. इंटरकूलरमधून तेल ओतून निघत असेल, मागे निळा धूर असेल आणि ऑइल कमी होत असेल, तर मान्य करा. आणि ती गाडी चालवू नका. डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन चावी काढली तरी वेड्यासारखं फिरत राहू शकतं. तशी वेळ आली तर सगळ्यात वरचा गिअर टाका, ब्रेक घट्ट दाबा आणि क्लच सोडून इंजिन मारा.

छोट्या गाडीचा टर्बो मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात जातो. त्याला मारतं ते बहुधा ऑइल: उशिरा बदललेलं, चुकीच्या ग्रेडचं, किंवा तुंबलेल्या नळीमुळे न पोचलेलं. म्हणून नवा टर्बो किंवा नवा कोअर (टर्बोचा आतला फिरता भाग) बसवताना ऑइलची नळी बदला, इंटरकूलर धुवा, ऑइल आणि फिल्टर नवे घाला, आणि सुरू करण्याआधी टर्बोत ऑइल भरलंय याची खात्री करा. हे न करता बसवलेला टर्बो थोड्याच दिवसांत परत येतो आणि मग "पार्ट डुप्लिकेट होता" अशी वादावादी सुरू होते.

काम कुठे करायचं आणि गॅरेजवाल्याशी काय बोलायचं?

होज, क्लिपा, फिल्टर, व्हॅक्यूम नळ्या यांसाठी नाना पेठेतली स्पेअरपार्टची दुकानं आहेत. जुना नमुना बरोबर न्या. नळीची जाडी अंदाजाने सांगू नका. टर्बो रीबिल्ड करायचा असेल तर बॅलन्सिंगचं यंत्र असलेल्या आणि रिपोर्ट देणाऱ्या ठिकाणीच. व्हीजीटीमध्ये पात्यांची सेटिंगही यंत्रावर व्हावी लागते.

बोलताना "पिकअप नाही, बघून घ्या" असं म्हणू नका. म्हणा, "दादा, तिसऱ्यात २००० नंतर जोर येत नाही. ट्रायलवर मागितलेला आणि प्रत्यक्ष बूस्ट रेकॉर्ड करून दाखवाल का? आणि टर्बो खोलण्याआधी लीक टेस्ट करू." जो माणूस हे ऐकून स्कॅनर काढतो त्याच्याकडे गाडी सोडा. जो "इतकी वर्षं काय झक मारली का आम्ही" म्हणतो त्याला नमस्कार करून निघा. आणि लीक टेस्टचे वेगळे पैसे मागितले तर घासाघीस न करता द्या. निदान हे काम आहे, फुकटात मिळत नाही.

अजून गाडी घेतलेली नाही. बघायला जाताना काय करू?

विकणाऱ्याला आधीच सांगा की इंजिन थंडच हवं. गरम करून ठेवलेली गाडी बऱ्याच गोष्टी लपवते. चावी 'ऑन' करून चेक लाइट लागते आणि सुरू झाल्यावर विझते ना, ते बघा, कारण बल्बच काढलेली गाडीही बाजारात सापडते. रेडीनेस तपासा, पुण्यातला तो ९५ चा आकडा तपासा, मग किमान अर्धा तास चालवा आणि त्यात एक चढ असू द्या. सर्व्हिस बुकात ऑइल बदलण्याच्या तारखांमधलं अंतर बघा. टर्बो गाडीत मला किलोमीटरपेक्षा हे अंतर महत्त्वाचं वाटतं. बोनेटखाली रेल सेन्सरच्या वायरला जादा कनेक्टर किंवा टेप दिसली तर तिथे कधीतरी ताकद वाढवणारा ट्यूनिंग बॉक्स लावलेला असू शकतो.

रिमॅप करून (कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर बदलून) गेलेली ताकद परत येईल का?

नाही. फुटक्या होजवर जास्त बूस्ट मागितला तर टर्बो आणखी जोरात पळेल आणि लवकर मरेल. रिमॅप निरोगी गाडीवर करायचा की नाही हा वेगळा वाद.

डिझेलमध्ये टाकायच्या बाटल्या?

इंजेक्टरवर थोडीफार साय आली असेल तर कदाचित. चिरलेला पाइप बाटलीने सांधत नाही.

टर्बो गाडी बंद करण्याआधी थांबायला हवं का?

घाट चढून किंवा एक्स्प्रेसवेवर जोरात येऊन लगेच फूड मॉलला थांबलात तर मिनिटभर आयडलला ठेवा, टर्बोतलं तापलेलं ऑइल फिरत राहतं. घरी येताना शेवटची पाच मिनिटं गल्लीबोळांतून हळूच येता, तेव्हा पार्किंगमध्ये उगाच इंजिन चालू ठेवून वरच्या मजल्यावरच्या काकूंची बोलणी खाण्याची गरज नाही.